टांकसाळीतली पुदिनाबाई

टांकसाळीत नोकरी आहे म्हटलं की लोकांचे डोळे लकाकायचे. "मग काय बाई, तुमची चंगळ! पैशांच्या राशीत लोळत असाल!" असं कुणी ना कुणी म्हणायचंच. थोरली नुसती मान हलवायची. टांकसाळीत ती होती हे खरं, पण नाणं कसं पाडतात ते तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. यंत्रांची धडधड तिला भिंतीपलीकडून ऐकू येई, तेवढीच. तिचं काम फाटकाशी. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईची झडती घ्यायची.

झडतीची खोली लांबट होती, दोन दारांची. एका दाराने बायका आत यायच्या, दुसऱ्याने सुटायच्या. मधोमध फरशीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढलेली होती. त्या पावलांवर उभं राहायचं, हात पसरायचे, तोंड उघडून दाखवायचं. मग थोरलीचे हात केसांतून, मानेवरून, काखेतून, कमरेवरून थेट घोट्यापर्यंत फिरायचे. चपला काढून फरशीवर आपटायच्या आणि चालू लागायचं. कोपऱ्यात उंच स्टुलावर पाळीच्या मॅडम बसलेल्या असत. त्या बायकांकडे फारसं बघत नसत. त्यांची नजर थोरलीच्या हातांवर असायची.

नोकरीला लागून आठवडाही झाला नसेल, तेव्हाची गोष्ट. वजनकाट्यावर काम करणारी एक जाडजूड बाई होती, तोंडाची फटकळ. ती पावलांवर उभी राहिली आणि नाक मुरडून म्हणाली, "झडती घे गं बाई, पण तोंड तिकडे कर. कांदा खाल्लायस ना?" मागची रांग फिदीफिदी हसली. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच, दिवसभरात दोनशेच्या वर बायकांच्या तोंडाशी तोंड न्यायचं, आणि आपल्याला हे सुचलं कसं नाही? तिच्या घरामागे टांकसाळीच्या वसाहतीचा एक नळ कायम गळायचा. त्याच्याखाली तिने फुटकी बादली ठेवली आणि तीत पुदिन्याच्या चार काड्या खोचल्या. पुदिन्याला काय, ओल मिळाली की तो पाय पसरतोच. दुसऱ्या पंधरवड्यापासून पाळी सुटायच्या वेळी थोरलीच्या दाढेखाली दोन पानं असायला लागली. मग त्याच वजनकाट्यावालीने तिचं बारसं केलं: पुदिनाबाई. ते नाव पुढे साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलं.

हातांना फार गोष्टी कळतात. कुणाला दिवस गेलेत हे तिला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. कुणाच्या पाठीवर वळ आहेत, कुणाच्या बरगड्या दर महिन्याला जास्त लागताहेत, कुणी नव्या कपड्याआत जुनं विरलेलं घालून आलीय, सगळं कळायचं. पण या कानाचं त्या कानाला नाही. वळ लागले की हात तिथे हलका व्हायचा, एवढंच, आणि पुढे सरकायचा. बायकांनाही हे ठाऊक होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे. तिच्याशी वैर कुणाचंच नव्हतं. पण जे हात संध्याकाळी आपल्याला चाचपणार, त्या हातांतून दुपारी चहाचा कप कोण घेणार?

ठसे कोरायच्या खोलीतला एक कारागीर मध्यंतरी तिच्याशी फाटकाबाहेर थांबून बोलायचा. शांत माणूस होता. बोलणं लग्नापर्यंत आलं होतं. मग एक दिवस तो म्हणाला, "घरच्यांना तुझं काम पटत नाही. तू दुसऱ्या खात्यात बदली मागशील का?" तिने अर्ज केला. झडतीच्या जागेवर यायला दुसरी बाई तयार होईना, म्हणून अर्ज फेटाळला गेला. कारागीर आणखी थोडे दिवस थांबला आणि मग थांबेनासा झाला.

ही नोकरी तिला बापाच्या जागेवर मिळाली होती. बाप भट्टीवर होता; धातू वितळवता वितळवता त्याची छाती आतून जळून गेली. आईने त्याच्या मागे फार दिवस काढले नाहीत. राहिल्या दोघी बहिणी. धाकटी तेव्हा एवढीशी होती, स्वतःची वेणी घालता न येणारी. थोरलीनेच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, तापात उशाशी बसली, आणि वेळ आली तेव्हा लग्नही करून दिलं. धाकटी स्वभावाने अगदी वेगळी. चार माणसांत हसणार, रस्त्यातल्या अनोळखी बाईलाही आपलंसं करणार. नवरा मालगाडीवर ड्रायव्हर होता. आधी आठवड्याने यायचा, मग महिन्याने, आणि एकदा गेला तो आलाच नाही. लेकीला कडेवर घेऊन धाकटी थोरलीच्या दारात उभी राहिली. "ताई, मी आले गं," एवढंच म्हणाली. थोरलीने पुढे होऊन पोर घेतली.

कधी कुणापुढे शब्द न टाकणारी थोरली मग पॅकिंगच्या साहेबांच्या दारात चार वेळा जाऊन उभी राहिली. धाकटीला पॅकिंगमध्ये चिकटवलं तेव्हाच थांबली. तिथे तयार नाणी पट्ट्यावरून येत, बायका त्यातली खराब निवडून काढत आणि बाकीची पिशव्यांत भरत.

पहिल्या दिवशी पाळी सुटली. धाकटी रांगेतून पिवळ्या पावलांवर आली. थोरलीने मान खाली घालून काम सुरू केलं. केस झाले, मान झाली. काखेत हात गेला मात्र, धाकटी जोरात ओरडली, "ताई! गुदगुल्या होतात गं!" आणि वाकून हसायला लागली. रांगेतली एक हसली, दुसरी हसली, स्टुलावरच्या मॅडमनीही तोंडावर रुमाल धरला. त्या खोलीत असं हसू कधी झालं नव्हतं. थोरली कानापर्यंत लाल झाली. पण तिला आतून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीने तिला दंडाला धरून पॅकिंगवाल्यांच्या टेबलाशी ओढून नेलं. "ही माझी ताई," ती म्हणाली. "हिच्या हातचं खाऊनच मी एवढी वाढलेय, मला काही झालं नाही. सरका जरा." बायका सरकल्या. वजनकाट्यावालीने थोरलीच्या डब्यातला पहिला घास उचलला, चावला आणि म्हणाली, "पुदिनाबाई, एवढं चांगलं करतेस आणि इतकी वर्षं एकटी गिळत होतीस होय गं?"

थोरलीच्या आयुष्यातला बरा काळ तो तेवढाच. दोन खोल्यांत तिघी. संध्याकाळी भाची पाढे म्हणायची, धाकटी दिवसभराच्या नकला करून दाखवायची, अगदी मॅडमचीसुद्धा. थोरली हसता हसता भांडी घासायची.

मग एक दिवस भाची शाळेतून रडत आली. इंग्रजीच्या बाईंनी वर्गात एक शब्द शिकवला होता, मिंट. मिंट म्हणजे पुदिना. भाचीने हात वर करून सांगितलं, "बाई, माझी आई मिंटमध्ये आहे." सगळा वर्ग खो खो हसला. "हिची आई पाला खुडते! हिची आई पाला खुडते!" बाईंनाही वाटलं पोरगी घोटाळा करतेय. त्या म्हणाल्या, "अगं, शेतात असेल, मळ्यात असेल. नीट सांग." टांकसाळीलाही लोक मिंटच म्हणतात हे पोरीला त्या क्षणी सांगता आलं नाही. मधल्या सुट्टीपासून मुलं तिला 'पाला' म्हणू लागली.

"मावशी, आपण कुठल्या मिंटमध्ये आहोत?" तिने हुंदके देत विचारलं.

थोरलीने मागच्या बादलीतली दोन पानं खुडून आणली आणि तिच्या नाकाखाली धरली. "आपण दोन्ही मिंटमध्ये आहोत. आहे कुणाची एवढी ऐट?"

पोरगी हसली नाही. "त्यांना खरं वाटत नाही. आईने पैसे बनवलेत असं म्हटलं की ते म्हणतात, दाखव."

"रडू नको," धाकटी तिचे डोळे पुसत म्हणाली. "दाखवू आपण त्यांना. बघ तू."

"भलतंसलतं काही करू नकोस हं," थोरली म्हणाली.

"छे गं. ते टांकसाळीचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर नाही का ऑफिसात? ते मागते."

थोरलीला पटलं. धाकटीने कॅलेंडर मागितलंही. ते मिळालं नाही.

नाणं पाडायच्या आधी धातूच्या नुसत्या गोल चकत्या कापतात. लाखांत एखादी चकती ठशाखालून निसटते आणि दोन्ही बाजूंनी कोरी अशीच पट्ट्यावर येते. बाजारात तिला किंमत नाही. पॅकिंगमध्ये ती वेगळी काढून भंगाराच्या डब्यात टाकतात. धाकटीने त्या दिवशी असली एक चकती डब्यात टाकली नाही. अंबाड्यात खोवली.

पाळी सुटली. रांग नेहमीसारखी सरकत होती. धाकटी पावलांवर येऊन उभी राहिली, हात पसरले. आज ती काही बोलली नाही हे थोरलीच्या लक्षात आलं नाही. तिची बोटं सवयीने केसांत शिरली, अंबाड्याखाली गेली आणि गार, गोल काहीतरी लागलं.

हात थांबला.

किती वेळ थांबला असेल? पापणी लवावी इतकाच. पण एरवी तो हात कधी थांबत नसे. थांबला की त्याचा अर्थ एकच असतो हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती अजून. लहानपणी साखर चोरताना सापडली की बघायची तशी ती बघत होती. थोरलीने हात पुढे सरकवला. मानेवर आणला, खांद्यावर आणला. पण तोवर मॅडम स्टुलावरून उतरल्या होत्या.

"काय लागलं?"

"काही नाही मॅडम. काटा आहे केसांचा."

मॅडमनी स्वतः अंबाडा सोडवला. चकती फरशीवर पडली, घरंगळत भिंतीपर्यंत गेली आणि तिथे आडवी झाली.

चौकशीला तीन साहेब होते. धाकटीने लपवाछपवी केली नाही. शाळेतलं सगळं सांगितलं, पाला खुडते म्हणाले तेसुद्धा. एका साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. थोरलीला आत बोलावलं तेव्हा तिने हात जोडले. "साहेब, ते नाणं नव्हे. भंगार आहे. भंगारातून पुन्हा भट्टीतच जाणार होतं."

मधले साहेब म्हातारे होते, वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, मलाही पोरीबाळी आहेत. पण आज कोरी सोडली तर उद्या छापलेली कुठल्या तोंडाने पकडायची? आता एकच सांगा. मॅडम म्हणतात तुम्ही आधी लपवायला बघितलंत. चकती तुमच्या हाताला लागली होती की नव्हती?"

नव्हती म्हणावं, तर इतक्या वर्षांचा हात खोटा. लागली होती आणि लपवली म्हणावं, तर दोघींची नोकरी जाणार. घरात तीन तोंडं. हे सगळं तिच्या मनात त्या वेळी आलं, की नुसतीच जीभ खरं बोलून गेली, हे तिचं तिलाही पुढे सांगता आलं नाही.

"लागली होती साहेब," ती म्हणाली. "मी थांबले. थांबले म्हणूनच मॅडमना कळलं."

साहेबांनी तेच लिहून घेतलं. धाकटीला कामावरून काढलं. थोरलीला ठेवलं.

त्या संध्याकाळी धाकटी कपड्यांची बोचकी बांधत होती. थोरली दाराशी उभी होती.

"कुठे जाणार पोरीला घेऊन? माझा पगार आहे ना. पुरेल तिघींना."

"तो पगार माझ्या घशाखाली उतरणार नाही."

"मी पकडून दिलं नाही गं तुला. काटा आहे म्हटलं मी."

"ते मी ऐकलं." धाकटीने गाठ मारली. "पण हात का थांबवलास?"

"मी थांबवला नाही. थांबला."

"हात तुझाच ना?" धाकटी आता उभी राहिली. "इतक्या जणींचं काय काय तुझ्या हाताला लागलं. कुणाचं पोट, कुणाचे वळ. सगळ्या बायकांना ठाऊक आहे. तेव्हा थांबला कधी? कुणाला कळू दिलंस कधी? परक्या बायकांचं सगळं पोटात घातलंस, आणि माझ्याच वेळेला बरा थांबला!"

भाची दोघींच्या मध्ये उभी राहून एकीकडून दुसरीकडे बघत होती. धाकटीने तिचा हात धरला आणि पायऱ्या उतरून गेली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, तसं झालं. आणि वर मीठ चोळायला वार्षिक समारंभ आला. मोठ्या साहेबांनी भाषणात थोरलीला व्यासपीठावर बोलावलं. "सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, याला म्हणतात निष्ठा," असं म्हणून तिच्या हातात चौकटीतलं प्रशस्तिपत्रक दिलं. सभागृहात टाळ्या पडल्या. पॅकिंगच्या बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी थोरली आपला डबा घेऊन आपणहून जुन्या बाकावर गेली. कुणी बोलावलंही नाही.

टांकसाळीतून काढलेली म्हटल्यावर धाकटीला दुकानात कोण उभं करणार? लोकांना चकती माहीत नव्हती. त्यांना एवढंच माहीत, की जिथे पैसा बनतो तिथून हिला हाकललं. भांडी घासायला ठेवतानाही लोक दोनदा विचार करत. शेवटी ओढ्याकाठची एक ओली पट्टी तिला कुणीतरी वाट्याने दिली. तिथे दुसरं काही नीट यायचं नाही. धाकटीने पुदिना लावला. सकाळी गुडघाभर चिखलात उतरून खुडायचा, जुड्या बांधायच्या आणि भाजीबाजाराच्या तोंडाशी गोणपाट अंथरून बसायचं. शाळेतली पोरं जे चिडवत होती ते खरं झालं. भाचीला तर मग ती शाळाच राहिली नाही.

थोरलीला हे वजनकाट्यावालीकडून कळलं. तिचं तोंड फटकळच होतं. "ऐकलंस का पुदिनाबाई? तुझी बहीण अजून मिंटमध्येच आहे!" म्हणाली, आणि मग थोरलीचा चेहरा पाहून तिचीच जीभ टाळ्याला चिकटली.

सुट्टीच्या दिवशी थोरली बाजारात गेली. धाकटी लिंबंवालीच्या शेजारी बसली होती. उन्हाने रापली होती, बोटं पाण्याने पांढरी पडली होती. थोरली समोर जाऊन उभी राहिली.

"धाकटे," ती म्हणाली.

धाकटीने वर पाहिलं. क्षणभरच. मग एक जुडी उचलून तिच्यावरचं पाणी झटकलं. "सकाळचीच आहे. एक देऊ की दोन?"

"अगं, मी—"

"पैसे तिथे ठेवा. गोणपाटावर."

ठेवा म्हणाली. जन्मापासून ताई म्हणत आली, तू म्हणत आली, भांडतानाही तू म्हणाली. आणि आता ठेवा. थोरलीने नाणी गोणपाटावर ठेवली, जुडी घेतली आणि घरी आली. घरी बादलीत पुदिना माजला होता. आणलेल्या जुडीचं काय करावं हे तिला कळेना. खिडकीत ठेवली, तिथेच ती काळी पडली.

तेव्हापासून दर सुट्टीला ती जायची. एक जुडी. कधी पाऊस असला तर धाकटी डोक्यावर प्लास्टिक घेऊन बसलेली असे. दुसऱ्या गिऱ्हाइकांशी तिची थट्टामस्करी चाललेली असे. "घ्या हो काकू, वासानेच नवरा घरी लवकर येईल!" लांबून ते ऐकू यायचं. थोरली जवळ आली की तोच आवाज सपाट व्हायचा. "एक ना? हं. ठेवा." थंडीत धाकटीची बोटं चिरलेली दिसली. थोरलीने मलमाची डबी नेली आणि नाण्यांशेजारी ठेवली. पुढच्या खेपेला डबी तिथेच गोणपाटाच्या कडेला होती, न उघडलेली. धाकटी तिच्याकडे बोट करून म्हणाली, "तुमचं काहीतरी राहिलं होतं मागच्या वेळी. घेऊन जा."

थोरली घेऊन आली. तरी जायची थांबली नाही. निदान दिसते तरी, असं ती स्वतःला सांगे. लिंबंवालीला वाटायचं, या बाईला पुदिन्याचं वेड आहे.

वर्षं गेली. झडतीच्या खोलीत चौकटीसारखं यंत्र आलं. बायका त्यातून नुसत्या चालत जायच्या. यंत्र ओरडलं तरच थोरलीने खुर्चीतून उठायचं. ते सहसा ओरडत नसे. मग लोकांना नाण्यांची गरज कमी पडायला लागली, एक एक पाळी बंद झाली. पॅकिंगमधल्या बायका पांगल्या. वजनकाट्यावाली मुलाकडे गेली. थोरली निवृत्त झाली तेव्हा निरोपाला चार माणसं होती आणि त्यातले दोघे तिला ओळखत नव्हते. वसाहतीतलं घर सोडून तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली. तिथून बाजार लांब पडायचा, बस बदलावी लागायची. ती जात राहिली.

मग एका खेपेला लिंबंवालीशेजारी गोणपाट नव्हता. आजारी असेल, थोरली मनात म्हणाली. पुढच्या खेपेलाही नव्हता. तिथे कुणीतरी मोजे मांडून बसलं होतं.

"ती पुदिनेवाली?" तिने लिंबंवालीला विचारलं.

"गेली हो ती." लिंबंवाली लिंबं पुसत म्हणाली. "छाती भरली होती. त्या ओढ्यात उभी राहून राहून दुसरं काय होणार? दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला. झाले की आता आठेक दिवस."

थोरली उभीच राहिली.

"तुम्ही नेहमीच्या ना? मला आठवण झाली होती तुमची," लिंबंवाली म्हणाली. "पण गिऱ्हाइकाला कुठे कळवणार? नाव ना पत्ता." मग तिचा चेहरा पाहून तिने पाटी बाजूला सारली. "बसा जरा. अहो बाई, बसा. पाणी देऊ?"

धाकटीची खोली कुठे हे थोरलीला ठाऊकच नव्हतं. लिंबंवालीने पत्ता सांगितला. एका गोदामावरची खोली, बाहेरून लोखंडी जिना. दार उघडंच होतं. आत एक तरुण बाई फळीवरून भांडी आणून खोक्यात भरत होती. थोरलीने तिला चालीवरून ओळखलं. धाकटी तरुणपणी अशीच तोल सावरत चालायची.

भाचीने तिला पाहिलं. मग खोक्यावरचं पातेलं काढून म्हणाली, "बसा मावशी."

"मला आज कळलं."

"कळवणार होते. आईला विचारलं होतं दवाखान्यात, बोलवू का म्हणून." भाचीने खोक्याची दोरी उचलली. "नको म्हणाली. परत नाही विचारलं मी."

थोरलीने मान हलवली.

"तुम्ही दर आठवड्याला यायचात ते सांगायची मला," भाची म्हणाली. "सांगायची म्हणजे, आज आली होती, एवढंच. एकदा म्हणाली, ती आली की जुडी मोठी बांधावी की लहान, मला कळतच नाही."

"मग?"

"मग काय. सगळ्यांना द्यायची तेवढीच द्यायची."

खाली गोदामात कुणीतरी पिंप ढकलत होतं, त्याचा आवाज जिन्यातून वर आला. भाची खोक्याची दोरी आवळत होती. तोंड वर न करता ती म्हणाली, "त्या दिवशी शाळेतून मी रडत आले नसते तर—"

"तू लहान होतीस गं."

"आईपण हेच म्हणायची. अगदी हेच. तुम्ही दोघी बोलायचातही सारखं." तिने डोळे पुसले आणि एकदम कामाला लागली. तिचा नवरा दुसऱ्या शहरात कामाला होता. खाली टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला होता. थोरलीला वाटलं, म्हणावं, पत्ता दे, मी येत जाईन. शब्द ओठापर्यंत आले. पण मुलीने आपणहून पत्ता दिला नाही, आणि थोरलीने मागितला नाही. मागून तिने नको म्हटलं असतं, तर तेही ऐकायला लागलं असतं.

"मावशी, एक काम कराल?" भाची दारात खोकं घेऊन वळली. "घरमालक संध्याकाळी येणार आहेत. किल्ली त्यांना द्याल? मला थांबता येत नाही."

"देईन."

जिन्यावर पावलं वाजली, टेम्पो गेला. खोलीत एक मोडकी खुर्ची, कोपऱ्यात झाडू आणि कागदाचे कपटे उरले होते. थोरली खुर्चीवर बसली. मग तिला बसवेना. तिने झाडू घेतला. आधी भिंतींची जळमटं काढली, मग खिडकीचा कट्टा, मग सगळी जमीन, कोपऱ्यांसकट. केर कागदावर भरून खाली टाकून आली. हात काळे झाले होते. नळाला पाणी नव्हतं, म्हणून ते तिने तसेच ठेवले.

उन्हं कलल्यावर घरमालक आला. धापा टाकत जिना चढला, दिवा लावून बघितला, खिडकीच्या खिट्ट्या हलवून पाहिल्या.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कधी दिसला नाहीत इकडे," म्हणाला, आणि किल्ली घेतली. "पण चांगली झाडलीत हं खोली. नवे भाडेकरू उद्याच यायचेत, मला माणूस बघावा लागला असता."

त्याने दिवा बंद केला, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग तो पुढे झाला. थोरली त्याच्या मागून, गार लोखंडी कठड्याला धरून, एक एक पायरी उतरू लागली.